विमानाला तारांचीच चाकं हवी होती

ब्रॉडहेडला गवतावर उताणा पडून मी एका अनोळखी माणसाच्या विमानाच्या चाकाला व्हर्नियर लावत होतो, आणि तो शांतपणे कॉफी पीत बघत उभा होता.

"किती आलं?"

"सहा इंचाला थोडं कमी."

"बरोबर. माझ्या आधीच्या चाकांचं तीन होतं. त्यातलं एक आता गॅरेजच्या भिंतीवर टांगलंय. बायको त्यावर हॅट अडकवते."

आम्ही दोघं हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाबद्दल, बोलत होतो. हबच्या दोन कडांमध्ये, म्हणजे जिथून तारा निघतात त्या दोन चकत्यांमध्ये, किती अंतर आहे त्याबद्दल. त्या दिवशी दुपारपर्यंत मी अकरा विमानांखाली शिरून आलो. पँटीच्या गुडघ्यांचा रंग महिनाभर गेला नाही.

विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडला दर जुलैत, ऑशकॉशच्या विमानांच्या मोठ्या मेळाव्याच्या जरा आधी, पीटनपोल विमानं जमतात. पीटनपोल एअर कॅम्पर हे दोन आसनांचं, लाकूड आणि कापडाचं विमान. पंख डोक्यावर छत्रीसारखा, दोन्ही खुर्च्या उघड्या. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये त्याला फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन बसवून उडवलं. नंतर त्याचे नकाशे मासिकात छापून आले आणि तेव्हापासून लोक ते घरी बांधत आले आहेत. माझं गॅरेजमध्ये सात वर्षं चाललं होतं. इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल. नातेवाइकांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ते कांदिवलीच्या अमोल यादवांनी गच्चीवर बांधलं, तसं?" तसं नाही हो. त्यांचं सहा आसनी, धातूचं. माझं त्यापुढे बैलगाडी.

पण बैलगाडी म्हटल्यावर चाकं शोभायला हवीत. सोपा रस्ता होता: हल्लीची छोटी, जाडजूड, सहा इंची रिमची विमानाची चाकं घ्यायची, ब्रेकसकट पेटीत येतात. मजबूत असतात, काही विचार करावा लागत नाही. फक्त १९२९ च्या विमानाखाली ती धोतरावर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखी दिसतात. लाकडी पायांचं, आरपार एका दांड्याचं, रबरी दोर गुंडाळून झटके खाणारं जुन्या पद्धतीचं लँडिंग गिअर मी हट्टाने बांधलं होतं. त्याला उंच तारांचीच चाकं हवीत, हे माझं मत. अमेरिकेत घरी बांधलेलं विमान 'एक्सपेरिमेंटल' वर्गात मोडतं. निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः केलं असलं, की चाक प्रमाणित असावं अशी सक्ती नाही. म्हणजे चूक करायचं पूर्ण स्वातंत्र्य.

कोल्हापूरच्या मामांचं आयुष्य मोटरसायकली दुरुस्त करण्यात गेलं. व्हिडिओ कॉलवर त्यांना गिअर दाखवलं.

"त्यात काय इचारायचं? बुलेटचं चाक घाल की. चाळीस तारा, १९ इंची. तिघं बसून जोतिबाला जात्यात त्याच्यावर."

"मामा, बुलेट वळताना झुकते. विमान झुकत नाही."

इथे सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबतो. दुचाकी वळणावर आत कलते. त्यामुळे जो काही जोर येतो तो चाकाच्या पातळीतूनच, वरून खाली जातो. चाकाला बाजूने असं कुणी ढकलतच नाही. म्हणून मोटरसायकलचा हब अरुंद असला तरी चालतो. विमान आडव्या वाऱ्यात उतरतं तेव्हा नाक जरा वाऱ्याकडे वळलेलं असतं. टेकायच्या क्षणी ते सरळ करायचं राहून गेलं, की चाकं तिरकी टेकतात आणि धावपट्टीवर बाजूने फरफटतात. विमान झुकून तो जोर वळवू शकत नाही. सगळा भार तारांवर, तोही आडवा.

मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हणजे सायकलरिक्षा. नागपूरला नोकरीला होतो तवा बघितल्यात. भरधाव वळवली की मागच्या चाकाचा आठ."

नेमकं तेच! मला समजायला तीन रात्री आणि दोन वह्या लागल्या होत्या.

मग म्हणाले, "पण काही म्हण, सायकलचं चाक इमानाला, हे काही पटत नाही." यावर मात्र मी त्यांना गाठलं. ताणलेल्या तारांचं चाक सुचलं तेच मुळी उडण्याच्या यंत्रासाठी. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या उडत्या यंत्राला हलकी चाकं हवीत म्हणून लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्या वापरायची कल्पना वहीत उतरवली. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यावर दाबून येतो, म्हणून आरा जाड लागतो. ताणलेल्या तारेला दाब झेलायचाच नसतो, तिचा ताण फक्त कमी-जास्त होतो. सायकलींना हे पुढे कितीतरी वर्षांनी मिळालं. तेव्हा चाक उसनं घेतलंय ते सायकलने.

आता आकडे. २१ इंची रिम घेतली तर निप्पलपासून, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटापासून, हबच्या कडेपर्यंत मध्ये सुमारे २१ सेंटिमीटर राहतात. मोटरसायकलच्या हबच्या दोन कडांमध्ये सुमारे ७ सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे तार मध्यापासून साडेतीन सेंटिमीटर बाहेर जाते. कोन जेमतेम साडेनऊ अंश. हब १५ सेंटिमीटर रुंद केला की कोन साडेएकोणीस होतो. बाजूच्या ढकलण्याला चाक किती ताठ राहतं ते या कोनाच्या साइनच्या वर्गावर ठरतं. कोन दुप्पट, ताठपणा चौपट. तार जाड करून एवढं मिळत नाही.

रिम २१ की १९ यावर बराच घोळ घातला. २१ देखणी, पण चाक मोठं तसा जमिनीवरच्या आडव्या जोराचा टेकूही लांब, म्हणजे हबवर पिळवटणूक जास्त. शिवाय शेपूटचाकी, म्हणजे तिसरं छोटं चाक शेपटीखाली असलेल्या, विमानात पुढचं चाक जितकं उंच तितकं नाक वर, आणि पुढचं दिसणं आधीच दुर्मिळ. दुसरीकडे प्रॉपेलर जमिनीपासून लांब राहतो. प्रमाणित शेपूटचाकी विमानांना नऊ इंचांची किमान मोकळीक ठेवावी लागायची, मीही तीच धरली. दोन्ही चाकांत ती बसत होती. शेवटी २१ घेतली. कारण विचाराल तर दिसायला बरी म्हणून. उगाच शास्त्र सांगत नाही.

किती जोर सोसायला हवा? प्रमाणित छोट्या विमानांच्या जुन्या नियमांत याचं उत्तर आहे: एका चाकावर विमानाच्या वजनाच्या निम्मा जोर बाजूने, आतल्या दिशेला. माझं भरलेलं वजन १०८० पौंड, म्हणजे ४९० किलो. निम्मे २४५. हा नियम मला लागू नव्हता, पण ज्यांनी तो लिहिला त्यांनी पुष्कळ मोडलेली चाकं बघितली असणार.

म्हणून घरीच ओझं टाकून बघायचं ठरवलं. लोखंडी दांडा बाकाला उभा जखडला, त्यावर चाक आडवं ठेवलं आणि रिमच्या एकाच बिंदूला साखळीने फळी टांगली. फळीवर कोंबड्यांच्या खाद्याची पोती. शेतीसामानाच्या दुकानात ती ५० पौंडांची मिळतात, अकरा पोती म्हणजे ५५० पौंड. दुकानदाराने कोंबड्या किती विचारलं. मी म्हटलं, एकही नाही.

आधी भंगारातून आणलेलं, अरुंद हबचं मोटरसायकलचं चाक लावलं. चार पोत्यांपर्यंत काही नाही. सहाव्याला एका बाजूच्या तारा बोटाने हलू लागल्या. त्यांचा ताण संपला होता. तार दाब घेत नाही, त्यामुळे ती सैल पडली की तिथून पुढे चाक अर्ध्या तारांवर उभं असतं. आठव्याला बारीक टिक्‌टिक्. नववं ठेवलं आणि मागे सरकलो, तोच फाड्‌दिशी आवाज होऊन चाकाचा इंग्रजी आठ झाला. पोतं फुटून दाणे सगळ्या गॅरेजभर. अजून झाडताना निघतात. चाक जुनं, गंजलेलं होतं हे मान्य, पण ते बघितल्यावर स्वस्तात भागवायचा मोह गेला.

हब मग नवाच केला. ॲल्युमिनियमच्या गोल सळीतून, सहा इंच रुंद, लेथवर कातून घेतला. कातणारा शेजारच्या गावातला निवृत्त टर्नर. त्याने माझं ड्रॉइंग बघून एकच बदल सांगितला: भोकांच्या कडा मार. नाहीतर तारेची मान त्या धारेवर घासून तिथूनच तुटणार. छर्ऱ्यांचं बेअरिंग घातलं नाही, ब्रॉन्झचे बुश, म्हणजे साध्या नळ्या, घातल्या. एका उड्डाणात चाक फिरतं ते जमिनीवरची चार मिनिटं, त्याला एवढं कशाला?

चूक झाली ती रिममध्ये, आणि ती माझीच. रिमची भोकं नुसती गोल नसतात. ज्या हबसाठी रिम असेल त्या दिशेला ती तिरकी पाडलेली असतात, म्हणजे निप्पल तारेच्या रेषेत बसतं. मी तयार भोकांच्या ३६ तारांच्या रिमा मागवल्या. माझ्या रुंद हबला तारा ओवल्या तर प्रत्येक निप्पल एकीकडे बघतंय आणि तार दुसरीकडे. निप्पलच्या तोंडाशी तारेला बारीकसा वाक. बघितलं तर दिसत नाही, नखाने जाणवतो. तसंच आवळलं असतं तर चाक सरळही झालं असतं, आणि दर फेरीला तो वाक उघड-मीट होत शंभर लँडिंगनंतर कधीतरी तार गेली असती. रिमा परत केल्या. हब कॅलिफोर्नियाला पाठवून, त्याच्या मापाने भोकं पाडलेल्या नव्या रिमा आणि स्टेनलेसच्या तारा करून आणल्या. आठ गेज, म्हणजे चार मिलिमीटरहून जरा जाड, आटे कापलेले नाहीत तर दाबून काढलेले. सहा आठवडे गेले. पैशांचा आकडा घरात अजून जाहीर झालेला नाही.

चाक बांधलं जानेवारीत. बाहेर उणे पंधरा. ब्रेक लावायचे होते, त्यामुळे तारा हबमधून सरळ बाहेर काढून चालत नाही. ब्रेक हबला धरतो, जमीन रिमला ओढते, आणि ती पीळ तिरक्या तारांनीच पेलायची असते. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाईल अशी ओवली. पहिलं चाक तीनदा उसवलं. दुसरं जेवायच्या आत झालं.

मग आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणं. लहानपणी सायकलवाल्याच्या दुकानात बसून हे तासन्‌तास बघितलेलं, तो डाव्या अंगठ्याचं नख रिमला टेकवून चाक फिरवायचा. मी लाकडी चौकटीला पेन्सिल बांधली. पेन्सिल घासते तिथे समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, या बाजूची पाव फेरा सोडायची. एकाच तारेवर राग काढायचा नाही. वर-खालीचा आऊट वेगळा, तो आधी काढायचा हे मला शेवटी कळलं, म्हणून सगळं दोनदा. पान्याने तारेवर टिचकी मारत गेलं की ताण कानाला कळतो. एका बाजूच्या अठराही तारा जवळजवळ एका सुरात वाजायला हव्यात. सैल असेल ती 'थड्' करते.

नवं चाक त्याच दांड्यावर, तीच पोती. अकराव्या पोत्याला रिम पाव इंचही हलली नाही, पोती काढल्यावर जागेवर परत आली आणि एकही तार सैल पडली नाही. खरं तर उभा भारही याच्याच जोडीला द्यायला हवा होता. तशी चौकट करायची तर गॅरेजचं छप्पर काढावं लागलं असतं. त्याऐवजी मी दुसरी मर्यादा घालून घेतली: आडवा वारा फार असेल तेव्हा गवतावरच उतरायचं. गवतावर चाक बाजूला घसरतं, जोर सुटतो. डांबरावर ते धरून ठेवतं. ब्रॉडहेडच्या त्या हॅटवाल्या चाकाचा निकाल डांबरावरच लागला होता.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांसारखी चाकांवर कापडाची झाकणं घालायची का, यावर मित्रांनी फार आग्रह केला. हवेचा अडथळा कमी होतो, दिसतातही छान. मी घातली नाहीत. झाकणाखाली तुटलेली तार दिसत नाही, आणि मला उडायच्या आधी प्रत्येक तार बघायची असते.

तपासणीला आलेल्या माणसाने पंख, केबल, इंधनाची टाकी सगळं बघितलं. चाकाशी वाकला, दोन तारा चिमटीत धरून दाबल्या आणि काही न बोलता पुढे गेला. मी मामांना तसं कळवलं. त्यांचा उलट मेसेज: "ट्यूबला पावडर लावलीस का?"

लावली नव्हती. चाकं उतरवली, टायर काढले, पावडर लावली.

पहिली वीसेक लँडिंग गवतावर झाली. मग ऑगस्टमध्ये पेट्रोलसाठी शेजारच्या डांबरी धावपट्टीवर जावं लागलं. वारा डावीकडून, फार नाही. सरळ करायला क्षणभर उशीर झाला. डावं चाक किंचाळलं, गिअरचं लाकूड करकरलं, विमान एक धक्का खाऊन सरळ झालं. पंपाशी थांबवून खाली उतरलो, खिशातला पाना काढला आणि गुडघ्यांवर बसून बहात्तर तारांवर टिचक्या मारल्या. सत्तर 'टिंग'. डाव्या चाकाच्या दोन 'थड्'. पाव फेरा, पाव फेरा. मग टाकी भरली.