लेक पॉवेलवर बास: आधी पाण्याची पातळी बघा

अमेरिकेतल्या लेक पॉवेल या धरणाच्या तलावावर बास मासा धरायला जाणार असाल, तर बोट ठरवायच्या आधी, सुट्टी टाकायच्याही आधी, त्याची पातळी बघा. धरणे सांभाळणारी अमेरिकी सरकारी संस्था, ब्युरो ऑफ रेक्लमेशन, हा आकडा रोज जाहीर करते. तलाव काठोकाठ भरतो तो समुद्रसपाटीपासून ३,७०० फुटांवर. एप्रिल २०२३ मध्ये तो ३,५२० फुटांच्या आसपास होता, भरायला लागल्यापासून तोवरची सर्वांत खालची पातळी. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा पाणी त्याहून वर आले होते, तरी पूर्ण पातळीपासून शंभराहून जास्त फूट खालीच होते. बोट कुठल्या रॅम्पवरून पाण्यात सोडता येईल, कुठली वाट बंद असेल, कुठली झुडपे नुकतीच बुडाली असतील आणि त्यामुळे मासा कुठे असेल, हे सगळे या एका आकड्यावर ठरते. माशांबद्दल पुढे जे लिहिले आहे, ते या आकड्याशी ताडूनच वाचा.

ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेजवळ कोलोरॅडो नदी अडवून ग्लेन कॅन्यन धरण बांधले. १९६३ मध्ये पाणी अडायला सुरुवात झाली आणि तलाव पहिल्यांदा पूर्ण भरला १९८० मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. भरलेला असताना त्याची लांबी १८६ मैल होते. आजूबाजूला लाल वालुकाश्म, वाळू आणि खुरटी झुडपे. पाऊस वर्षाला जेमतेम सहा-सात इंच. पाणी येते ते दूरच्या रॉकी पर्वतातल्या वितळलेल्या बर्फाचे. त्यामुळे मे-जूनमध्ये इथे एक थेंब पडत नसताना तलाव चढत असतो, आणि वाळवंटातल्या तलावावर बास धरायचा असेल तर ही गोष्ट विसरून चालत नाही.

कड्यांवर पाणी उतरल्याचा पांढरा पट्टा दिसतो, कित्येक मजले उंच. खनिजांचा थर आहे तो. त्याच्या सावलीतून बोट जाते तेव्हा आपण एका बुडालेल्या घळीच्या मधल्या उंचीवर तरंगतो आहोत हे कळते. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ उघडे पडते, तसे इथे पाणी ओसरले की जुन्या कमानी आणि घळींची तोंडे बाहेर येतात. धरणाआधीच्या ग्लेन कॅन्यनसाठी हळहळणारी माणसे आजही आहेत, आणि तलावावर मनापासून प्रेम करूनही मला त्यांचे म्हणणे खरे वाटते.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफमार्गे हायवे ८९ धरून पेज गावी पोचायला साडेचार-पाच तास लागतात. फ्लॅगस्टाफनंतर कॅमेरॉन सोडले तर मोठे थांबे नाहीत. हा बराचसा पट्टा नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीतून जातो. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर त्यांच्या हातचे दागिने आणि तळलेली भाकरी मिळते, तिथे जरूर थांबा. पेजला पोचल्यावर फोनच्या घड्याळावर विसंबू नका. ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत. यूटात आणि नवाहो राष्ट्रात पाळतात. वाहवीप मरीना (बोटींचा धक्का) ॲरिझोनात, पण यूटाची हद्द लगेच पलीकडे, त्यामुळे टॉवर बदलला की फोन एक तास पुढे उडी मारतो. बोट भाड्याने घेताना वेळ पेजची धरा आणि मनगटी घड्याळ तसेच लावून ठेवा.

मासेमारीचा परवाना ॲरिझोनाचा किंवा यूटाचा, कुठलाही एक घेतला तरी तो अख्ख्या तलावावर चालतो. ॲरिझोनात दहा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, यूटात बारा वर्षांखालच्यांना. ग्लेन कॅन्यन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचे प्रवेश शुल्क वेगळे. दर गाडीमागे घेतात आणि ते सात दिवस चालते.

स्वतःची बोट नेणार असाल तर क्वागा शिंपल्यांचे नियम नीट वाचून घ्या. या परक्या शिंपल्या दशकभरापूर्वी तलावात शिरल्या आणि आता खडकांना, दोरांना, नांगरांना सगळीकडे चिकटलेल्या दिसतात. तलावातून बोट बाहेर काढली की ती साफ करायची, ड्रेन प्लग काढून सगळे पाणी सोडायचे आणि पूर्ण वाळू द्यायची; हे कायद्याने बंधनकारक आहे. लाइव्ह वेलमधल्या, म्हणजे बोटीत मासे जिवंत ठेवायच्या टाकीतल्या, पेलाभर पाण्यातूनही त्यांची अळी दुसऱ्या तलावात जाऊ शकते. या शिंपल्यांच्या कडा धारदार असतात. पाण्यात उतरताना पायात जुने बूट हवेतच, आणि खडकाला घासलेली गळाची लाइन दर थोड्या वेळाने बोटांत धरून तपासायला हवी.

पाणी खाली असते तेव्हा वाहवीपचा मुख्य रॅम्प बंद पडू शकतो आणि जवळच्या स्टेटलाइनच्या जादा रॅम्पवर रांग लागते. कॅसल रॉक कट नावाची एक जवळची वाट आहे. वाहवीपहून वॉर्म क्रीक आणि पाद्रे बेकडे जायला ती फार सोयीची, पण पुरेसे पाणी असेल तेव्हाच. ती बंद असेल तर धरणाजवळून अँटिलोप बेटाला मोठा वळसा घालावा लागतो, आणि तेवढे इंधन जास्त जाते. आता इंधनाचेच सांगतो, कारण यात हयगय चालत नाही. मधला डँगलिंग रोप मरीना बंद झाला आहे. वाहवीप आणि अँटिलोप पॉइंट हे मरीना मागे टाकले की वर उत्तरेला बुलफ्रॉग मरीनापर्यंत इंधन मिळत नाही. रेनबो ब्रिज ही दगडाची नैसर्गिक कमान पाण्याच्या वाटेने पन्नासेक मैल, म्हणजे जाऊन-येऊन शंभर. टाकीचा तिसरा भाग जायला, तिसरा यायला आणि उरलेला वाऱ्यासाठी, हा हिशेब पाळा.

आता मासे. तलावात बासचे तीन प्रकार मिळतात आणि तिघांच्या जागा वेगळ्या.

स्मॉलमाउथ खडकांचा मासा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो इथे सोडला आणि या तलावाचा जणू मूळचाच असावा असा रुजला. कड्यावरून कोसळलेल्या दगडांचे ढीग पाण्यात उतरतात तिथे, आणि पाण्यात घुसलेल्या खडकाळ नाकाडांवर तो असतो, कारण त्या दगडांच्या फटींत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे छोटे जीव, राहतात. गुळगुळीत उभा कडा दिसायला सुंदर, पण स्मॉलमाउथसाठी तिथे वेळ घालवू नका. तुटलेला, मोडलेला, बोचऱ्या दगडांचा काठ शोधा. उजाडताना तो चार-पाच फुटांत असतो. ऊन चढले की दहा ते पंचवीस फुटांवर उतरतो. कड्याच्या सावलीची रेघ पाण्यावर सरकते तसतसे त्या रेघेबरोबर सरकत राहिलात तर दुपारपर्यंत झटके मिळत राहतात.

आमिष म्हणाल तर आमच्या बोटीत ड्रॉप शॉट सगळ्यांत चालला: शिसे लाइनच्या टोकाला, गळ त्याच्या फूटभर वर, त्यावर हिरवट-तपकिरी रबरी किडा. शिसे दगडावर टेकवायचे आणि लाइन ताणलेली ठेवून टोक नुसते थरथरवायचे. ओढायचे नाही. दुसरा पर्याय नेड रिग (हलक्या शिशाच्या गळावर आखूड रबरी किडा) किंवा ट्यूब (पोकळ रबरी आमिष), क्रॉफिशच्या रंगात. मुख्य पात्रात पाणी इतके नितळ असते की वीस फुटांखालचा दगड दिसतो, म्हणून लाइन बारीक हवी, सहा ते आठ पौंडी फ्लुरोकार्बन. जाड लाइन मासा बघतो आणि वळतो. आम्ही एकाच नाकाडावर दोन्ही लावून पाहिल्या, फरक उघड होता. बहुतेक मासे पौंड-दीड पौंडाचे, पण पहिला हिसका बसला की वजनाचा प्रश्नच डोक्यात राहत नाही. स्मॉलमाउथ पाण्याबाहेर उसळतो, खाली बुडी मारतो, बोटीखाली शिरतो आणि जाळीत आल्यावरही हार मानत नाही.

लार्जमाउथला आडोसा लागतो, आणि पातळीचा आकडा सर्वांत कामी येतो तो इथे. पाणी खाली असताना उघड्या पडलेल्या काठावर टॅमरिस्कची झुडपे उगवतात, वाळलेले टंबलवीड वाऱ्याने घळीच्या टोकाला साचते. मे-जूनमध्ये पाणी चढले की हे सगळे बुडते आणि लार्जमाउथ त्यात शिरतो. म्हणून पाणी चढत असेल तर लांब घळींच्या शेवटच्या टोकाला जा, जिथे पाणी किंचित गढूळ आणि कोमट असते. नवाहो कॅन्यनच्या आतल्या भागात आम्हाला चांगले लार्जमाउथ मिळाले ते अशाच बुडत्या झुडपांत, वजनदार टेक्सस रिग (गळाचे टोक रबरी किड्यात लपवलेले, म्हणून ते अडकत नाही) सरळ फांद्यांमध्ये सोडून. पाणी उतरत असेल तर ही जागा सोडा आणि घळीच्या तोंडाकडे या. उतरत्या पाण्यात उथळातला मासा खोल पाण्याकडे सरकतो.

तिसरा स्ट्राइपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, आणि माझ्या मते या तलावाची खरी गोष्ट त्याचीच. हा मुळात अटलांटिक किनाऱ्याचा मासा. राहतो समुद्रात, अंडी घालायला नद्यांत चढतो. १९७४ पासून तो इथे सोडला. त्याआधी, १९६८ मध्ये, बासना खाद्य म्हणून थ्रेडफिन शॅड ही छोटी चंदेरी मासळी आणली होती. स्ट्राइपर साठलेल्या पाण्यात वाढेल, पण त्याची वीण होणार नाही, अशी अपेक्षा होती. झाली. इतकी झाली की काही वर्षांत त्याने शॅडचा फडशा पाडला. तेव्हापासून हेच चक्र चालू आहे: शॅड वाढली की स्ट्राइपर गुबगुबीत, शॅड संपली की डोके मोठे आणि अंग वाळलेले. म्हणून स्ट्राइपरला इथे संख्येची मर्यादाच नाही. पकडलेला मासा परत सोडणे ही इतरत्र चांगली सवय आहे, मीही पाळतो. पण लेक पॉवेलवर स्ट्राइपर सोडून देऊ नका. ठेवा, खा, वाटा. उरलेल्यांच्या पोटाला मिळते ते त्यामुळेच.

त्याला धरायची साधी पद्धत म्हणजे गोठवलेली अँचोव्ही. मासळीचे तीन तुकडे करायचे, त्यातला एक तुकडा पाव औंस वजनाच्या जिग हेडवर (शिसे जडवलेल्या गळावर) लावायचा आणि मुख्य पात्रातल्या उभ्या कड्यालगत तीस ते साठ फूट खाली सोडायचा. चार-दोन बारीक तुकडे पाण्यात टाकले की थवा बोटीखाली जमतो. फिश फाइंडरच्या पडद्यावर माशांच्या कमानी दिसल्या नाहीत तर पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका, पुढच्या कोपऱ्यावर जा. थवा सापडला की मात्र हात दुखेपर्यंत मासे येतात. रात्री बोटीखाली हिरवा दिवा सोडूनही हेच करतात. उजेडाला प्लवक जमते, प्लवकाला शॅड, शॅडमागे स्ट्राइपर. उन्हाळ्यात पहाटे हे मासे शॅडला पृष्ठभागावर कोंडतात आणि पाणी अक्षरशः उकळते. त्यासाठी जुलै-ऑगस्ट धरा. मेमध्ये ते दृश्य आमच्या वाट्याला आले नाही.

खाण्याबद्दल. वाहवीपला मासे साफ करायची जागा आहे. स्ट्राइपरच्या फाकीवरचा लालसर पट्टा सुरीने पूर्ण काढा, उग्र चव तिथेच असते. हळद, मीठ, तिखट आणि कोकम आगळ लावून अर्धा तास, मग रव्यात घोळवून तव्यावर. दादा डेन्व्हरहून येताना आगळाची बाटली घेऊन आला होता. कूलरमध्ये ठेवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट मला सुचत नाही. पण तलावाच्या खालच्या, धरणाकडच्या भागातल्या स्ट्राइपरमध्ये पारा आढळल्याने तिथे खाण्याच्या प्रमाणाबद्दल सरकारी सूचना आहे. मोठ्या माशात पारा जास्त साठतो. लहान मासे खायला ठेवा, आणि गरोदर बायका व मुलांसाठी ती सूचना वाचूनच वाढा.

सर्वांत मोठा धोका वाऱ्याचा. वसंतात दुपारनंतर नैऋत्येकडून वारा उठतो आणि पाद्रे बेसारख्या रुंद पाण्यावर अर्ध्या तासात लाटा उभ्या राहतात. अरुंद घळीत वेगळाच त्रास: हाउसबोटींच्या लाटा दोन्ही कड्यांवर आपटून परत येतात आणि पाणी चहूकडून उसळते. आम्ही उजाडायच्या आत निघायचो आणि दुपारी एकच्या आत परतीला लागायचो. लाइफ जॅकेट बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे आहे, मोठ्यांनीही अंगातून काढू नये. वाहवीपपासून लांब गेले की फोनला रेंज नसते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ असलेलीच बोट घ्या. चॅनल १६ वर पार्क सर्व्हिसचे लोक ऐकत असतात. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला एक गॅलन. जुलैनंतर मान्सूनचे ढग दिसले तर अरुंद घळीत मुक्काम नको. पाऊस मैलोन् मैल दूर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

काठावर तंबू टाकणार असाल तर पाण्यापासून पाव मैलाच्या आत सोबत नेता येणारा स्वतःचा शौचकूप बाळगणे सक्तीचे आहे आणि घाण परत न्यायची असते. लोन रॉकच्या वाळूवर गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते, पण चाके सहज रुततात, फोर व्हील ड्राइव्ह नसेल तर कडक वाळूवरच थांबा.

एक गोष्ट मनाला लागून आहे. पाणी खाली गेल्याने वरचा कोमट थर धरणाच्या जलमार्गांच्या तोंडाशी आला, त्यातून स्मॉलमाउथ पलीकडे गेले आणि २०२२ मध्ये धरणाखालच्या नदीत त्यांची वीण झालेली आढळली. तिथून खाली ग्रँड कॅन्यनमध्ये हंपबॅक चब हा कोलोरॅडोचा स्वतःचा, दुर्मीळ मासा राहतो. धरणाखालच्या लीज फेरीच्या बाजूला कधी गळ टाकलात आणि स्मॉलमाउथ लागला, तर तो परत सोडू नका. तलावात ज्याच्यासाठी आपण पाचशे मैल गाडी हाकतो, तोच त्या नदीत दुसऱ्याचे घर संपवतो.

जायचे केव्हा? पाणी ६० अंश फॅरनहाइट ओलांडते तो एप्रिलअखेर ते मे स्मॉलमाउथसाठी, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सगळ्यांसाठी. मधल्या महिन्यांत ऊन शंभरीला टेकते आणि हाउसबोटींची गर्दी असते. उत्तरेकडचा बुलफ्रॉग गाठायचा असेल तर तो पेजहून रस्त्याने फार लांब पडतो. तिकडची सहल वेगळीच आखा, आणि वाटेतली चार्ल्स हॉल फेरी पातळीनुसार बंद-चालू होत असल्याने निघायच्या दिवशी सकाळी फोन करून विचारा.