हात येतायत

खाली रिक्षावाले मामा हॉर्नवर हॉर्न देत होते आणि हा अजून दुसऱ्या बटणावर. मी ओरडले, "आवर की लवकर!" तर मान वर न करता म्हणाला, "थांब की आई, हात येतायत."

हात येतायत. जसे काही गंगावेशीत गर्दीत अडकलेत आणि पोचतीलच आता. मी ते हात बाजूला सारले नि उरलेली चार बटणं खटाखट लावून टाकली. तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सगळं माहीत असून माझ्या तोंडून "लवकर" निघतंच कसं? पुण्यात एमआरआय दाखवताना डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवले होते ते ठिपके, मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला, साबुदाण्याएवढेही नसतील. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली, त्यामुळे पोटात असल्यापासूनच मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात प्राणवायू कमी. अशी बाळं दिवस भरून जन्मली तरी मेंदू महिनाभर मागे असू शकतो, म्हणाले. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तेव्हा कोवळ्या असतात, त्यांनाच ही कमतरता आधी सोसत नाही. असे ठिपके कधी ऑपरेशनच्या आधीच असतात, कधी नंतर दिसतात.

मी नुसती मान हलवत होते. उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करून ज्याचे हात काळे झालेत त्या माणसाला मात्र लगेच कळलं. "म्हणजे तार चांगली आहे, वार्निश नीट बसलं नाही." डॉक्टर हसले. म्हणाले, जवळपास तसंच. बुद्धी चांगली असेल, पण वेग, लक्ष, बोटांची बारीक कामं अडू शकतात, आणि ते बहुतेक शाळेत गेल्यावर दिसेल.

दिसलं. लाल शाईत: 'फळ्यावरचं उतरवण्यात आळस करतो.'

छातीवरचा व्रण सगळ्यांना दिसतो, त्याला सगळे हळहळतात. "ऑपरेशन झालं न्हवं? मग आता काय?" डोक्यावर व्रण नाही ना. असता तर मीही आज "लवकर" म्हटलं नसतं, बहुतेक. आणि ग्रहणावरून सासूबाई तेव्हा जे बोलल्या ते... जाऊ दे.

दुपारी स्वतःचीच फार कीव आली. सगळ्या बायका संध्याकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारतात, माझ्या नशिबी बटणं. मग आठवलं, मागच्या रविवारी याच बोटांनी त्यानं मिसळीच्या कटातली शेव एक-एक करून वेचून खाल्ली होती, पाऊण तास, आमची मिसळ केव्हाच संपली होती. तेव्हा मला घाई नव्हती, कारण आइस्क्रीम मागेल या भीतीनं मीच गप्प बसले होते.

साडेपाचला घरी आला. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली, कॉलर एका बाजूला वर. माझ्या छातीत धस्स झालं. मी लावलेली सगळी उघडून यानं स्वतः लावली की काय?

"तूच लावलीस?"

"हो."

"मुद्दाम उघडून?"

"छे! उकडत होतं."

उद्या सहाला उठवणार आहे, साडेसहाला नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मामांना सांग, हॉर्न एकदाच.