भर उन्हात चालू न होणारी व्हीटेक

परवडेल अशा भावातली दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कूपे आपल्याकडे कधी विकायला आलीच नाही. तिची हौस आपल्या लोकांनी चार दारांच्या गाडीवर भागवली, ती म्हणजे २००० ते २००३ मधली होंडा सिटी १.५ व्हीटेक (व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा). १४९३ सीसी, एकच कॅमशाफ्ट, १०६ बीएचपी आणि आजच्या गाड्यांपुढे चांगलंच हलकं अंग. जगभरची पोरं ज्या जुन्या सिव्हिक कूपेवर हात बसवतात, तिच्यातलं डी-सिरीज इंजिन आणि हे इंजिन एकाच घरातलं. म्हणून या गाडीची माहिती भरपूर मिळते. अडचण एवढीच की त्यातली बहुतेक माहिती थंड मुलखातली आहे. वणी, हिंगणघाट, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, दिवाळीपासून कापसाची आणि कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ उडते आणि गाडी टिनाच्या शेडखाली उभी असते. इथे खर्चाचा क्रम वेगळाच लावावा लागतो. उष्णतेचा आणि धुळीचा बंदोबस्त आधी, सायलेन्सर आणि चाकं नंतर.

या गाडीची इथली सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, तासभर चालवून दुपारी चहाला थांबलं, वीस मिनिटांनी परत आलं की स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. संध्याकाळी मात्र काही झालंच नाही अशी चालू होते. मिस्त्री गाडीतला पेट्रोल पंप बदलायला सांगतो. बदललेला पंप आठवडाभरात तीच तक्रार घेऊन परत येतो, कारण दहापैकी बहुतेक वेळा दोष मेन रिलेचा असतो. डॅशबोर्डच्या खाली सात-आठ पिनांचा एक छोटा प्लास्टिकचा डबा असतो. त्याचा एक भाग ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंजेक्टरला वीज देतो, दुसरा पेट्रोल पंपाला. आतल्या पिनांभोवतीच्या झाळेला (सोल्डरला) वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने केसासारखी गोल चीर जाते. बंद गाडीत उन्हाने डॅशबोर्ड तापला की चीर फाकते आणि वीज तुटते. निवलं की चीर पुन्हा मिटते.

सुटे भाग बदलत बसण्याआधी हे करून बघा. ब्लोअर बंद, काचा वर, आणि किल्ली फक्त ऑनवर न्या. चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझला पाहिजे आणि त्याच दोन सेकंदांत मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. दिवा लागलाच नाही तर रिलेचा पहिला भाग किंवा त्याचा फ्यूज गेला. दिवा बरोबर लागला-विझला पण गुणगुण नाही, तर रिलेचा दुसरा भाग किंवा पंप. यातलं कोणतं हे ठरवायला पंपाच्या कनेक्टरला थेट १२ व्होल्ट द्या. पंप फिरला तर तो निर्दोष आहे. दिवाही ठीक आणि गुणगुणही ठीक असेल तर पेट्रोल सोडा, ठिणगीकडे वळा. ही चाचणी दोष हजर असताना, म्हणजे भर उन्हातच करायची. सावलीत निवलेली गाडी काहीच सांगत नाही.

रस्त्यात अडकलात तर दारं उघडून डॅशबोर्डखाली वारा जाऊ द्या, दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली चार-पाचदा ऑन-ऑफ करा. गुणगुण आली की लगेच स्टार्टर मारा. कायमचा इलाज सोपा आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, रिलेचा बोल्ट सोडा, डबा हलक्या हाताने उचकटा. भिंगातून पिनांच्या मुळाशी बघा. जुनी झाळ पूर्ण काढून घ्या, मग रोझिनवाली ६०/४० सोल्डरची तार आणि २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरून प्रत्येक पिनेला नवी झाळ द्या. जुन्यावरच वरून थर चढवला तर पुढच्या उन्हाळ्यात दोष परत येतो. गावात टीव्ही-मोटर दुरुस्त करणारा हे काम गॅरेजवाल्यापेक्षा चांगलं करतो, त्याच्याकडेच द्या.

ठिणगीचा दोष वेगळा ओळखू येतो. चालत्या गाडीत इंजिन एकदम मेलं आणि गाडी गियरमध्ये धावत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर पडला, तर डिस्ट्रिब्युटरमधला (सिलेंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला) इग्नायटर, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा भाग, तापून बंद पडतोय. स्टार्टर मारताना काटा जरासुद्धा हलत नसेल तरी संशय तिथेच. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आत तेल आहे का बघा. आत तेल म्हणजे शाफ्टचं सील गेलं. बाहेरून, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) टेकतो तिथे ओल म्हणजे फक्त ओ-रिंग, काही रुपयांचं काम. संपूर्ण नवा नकली डिस्ट्रिब्युटर घेण्यापेक्षा जुन्याच अस्सल डब्यात चांगला इग्नायटर आणि कॉइल बसवणं केव्हाही चांगलं. नकलीचं बेअरिंग लवकर वाजतं आणि टायमिंग डळमळतं.

आता गाडी गरम होण्याबद्दल. पश्चिम विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं म्हणजे आत मीठ आणि चुना भरणं आहे. बाकी ठिकाणचं पाणीही बहुधा जडच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी नवं. भरताना हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू द्या आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हवा अडकलेली राहिली तर काटा मधूनच चढतो-उतरतो आणि लोक उगाच हेड उघडतात.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मध्ये जी फट असते तिथे कापसाचे तंतू आणि सोयाबीन-तुरीचं कुटार नमद्यासारखं घट्ट बसतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते. जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणं असेल तर डिसेंबर आणि मार्च अशी वर्षातून दोनदा वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर मागे कलवा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे अशी साध्या नळाच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार पात्या वाकवते, मग हवा जायची ती जागाही बंद होते.

पंखा तपासायला एसी चालू करा. दोन्ही पंखे फिरले पाहिजेत. रेडिएटरचा पंखा एसीने फिरतो पण इंजिन तापल्यावर आपोआप लागत नाही, तर पंख्याच्या स्विचचा कनेक्टर काढून किल्ली ऑन करून त्याच्या दोन टोकांना तार जोडा. पंखा फिरला तर स्विच बदला. सरळ बटण लावून पंखा कायम जोडून टाकायची पद्धत आपल्याकडे फार आहे. एके दिवशी बटण दाबायचं राहतं आणि हेड गॅस्केट जातं. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्लाही ऐकू नका. तो साधारण ७८ अंशांना उघडू लागतो आणि ९० ला पूर्ण उघडतो, उन्हाळ्यात त्याचा अडथळा नसतोच. तो काढला की थंडीत इंजिन अर्धवट तापलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं. रेडिएटरचं झाकण मात्र बदला. झाकण सुमारे १.१ बारचा दाब धरतं आणि त्या दाबामुळेच पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की सगळं गणित बिघडतं.

एक धोका लक्षात ठेवा: गरम होता होता काटा अचानक खाली आला तर ती चांगली बातमी नव्हे. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर कोरडा पडला. लगेच थांबा, झाकणाला तासभर हात लावू नका.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करण्याबद्दल होंडाची अट अशी की हेडचं तापमान ३८ अंशांच्या खाली असावं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे गॅरेजमध्ये नुसती उभी असलेली गाडीही दुपारी त्याहून गरम असते. म्हणून हे काम रात्रभर उभ्या गाडीवर, पहाटे सहाला. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी. फायरिंग क्रम १-३-४-२. कॅमपुलीवरची ‘UP’ ही खूण वर आणून पहिला सिलेंडर करा, मग क्रँक १८० अंश फिरवत तिसरा, चौथा, दुसरा. हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, हाताने फिरवतानाही तसंच फिरवा. फिलर गेज किंचित ओढ लागत सरकला पाहिजे. व्हीटेकमध्ये इनटेकच्या दोन रॉकरांमध्ये (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांमध्ये) तिसरा मधला रॉकर असतो. सिलेंडर टॉपला असताना बोटाने दाबला तर तो एकटा हलला पाहिजे. अडकला असेल तर तेलाच्या मळाने पिना बसल्या आहेत.

वरच्या आरपीएमला जोर येत नाही म्हणून ईसीयूला दोष देण्याआधी तेलाची पातळी बघा. व्हीटेक तेलाच्या दाबाने चालतं. तेल कमी किंवा मळकं असेल, सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेच्या) मागची बारीक जाळी चोंदली असेल, तर ते लागतच नाही. फिल्टरसह तेल साधारण ३.३ लिटर लागतं. धुळीच्या रस्त्यावर ५००० किमीला बदला. दीड-दोन लाख किमी झालेल्या इंजिनात उन्हाळ्यात १०डब्ल्यू-४० बरं. चेक इंजिन लागला असेल तर सर्व्हिस कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडून दिव्याची उघडझाप मोजा. लांब झपका म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, एक आखूड म्हणजे २१, व्हीटेक सोलेनॉइड. २२ म्हणजे त्याचा प्रेशर स्विच. १४ आयडल व्हॉल्व्ह, ६ पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ७ थ्रॉटलचा.

टायमिंग बेल्टवर वाद घालू नका. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर पहिल्याच आठवड्यात बदला, सोबत टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील. पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे मजुरी एकदाच लागते.

आता बदल करण्याकडे. उघडा शंकूसारखा एअर फिल्टर हा इथला सगळ्यात वाईट सौदा आहे. तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. ४५ अंशांच्या जागी ६५ अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते, म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद तेवढीच कमी होते. शिवाय बारीक काळी धूळ अडवायला कंपनीचा कागदी फिल्टर आणि बंद डबाच चांगला. चांगलं ४-२-१ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (चार नळ्या दोनात, दोन एकात) आणि दोन ते सव्वादोन इंची सायलेन्सरचा पाइप यापुढे या इंजिनाला काही लागत नाही. अडीच इंची पाइप लावला की खालचा जोर जातो. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू नका, पांदणीच्या चाकोरीत आणि गावाच्या वेशीवरच्या स्पीडब्रेकरवर ऑइल चेंबर फुटतो. त्याऐवजी नवे शॉकअप, नवे बुश आणि चांगले टायर. गाडी निम्मी बदलल्यासारखी वाटते. चाकाचा पीसीडी (नट बसतात त्या वर्तुळाचा व्यास) ४×१००, म्हणजे चार नट आणि १०० मिमी, मधलं भोक ५६.१ मिमी, नट १२×१.५, आवळणी १०८ न्यूटन-मीटर. मूळ टायर १७५/७० आर१३ असेल तर १८५/६० आर१४ चा व्यास जवळपास तेवढाच, अर्ध्या टक्क्याहून कमी फरक. समृद्धीवर जाणार असाल तर टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास १२० ने पळवायला सहा वर्षांपेक्षा जुना टायर नको, नक्षी कितीही शाबूत असो.

इंजिन बदलणं किंवा चॅसिसला हात घालणं आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही आडवे येतात. या सगळ्या गाड्यांना २० वर्षं उलटून गेली आहेत, म्हणून नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर वेगळा. घेताना आरसीवरची मुदत आधी बघा, रंग नंतर.

शेवटचं काम पेट्रोलच्या नळ्यांचं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात उष्मा सहा-सात टक्के कमी, ॲव्हरेज तेवढं घटणारच, ते सोसावं लागतं. पण या गाडीच्या जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. नळी आतून मऊ होते, बाहेरून तडकते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं. आणि उभ्या गाडीच्या नळ्या उंदीरही सोडत नाहीत, विशेषतः शेजारी धान्याची पोती असतील तर. नळ्या बदलताना इंजेक्शनच्या दाबाच्या आणि इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या, कार्ब्युरेटरची स्वस्त नळी इथे फुटते. आधी पेट्रोल फिल्टरवरचा छोटा बोल्ट कापड धरून एक आटा सैल करा, दाब निघून जाऊ द्या. क्लिपा आवळून झाल्या की किल्ली तीन-चारदा नुसती ऑन करा, पंप दर वेळी दोन सेकंद फिरेल. मग कोरडं बोट प्रत्येक जोडावरून फिरवा. बोट ओलं लागलं तर स्टार्टर मारू नका.