शिरवाळे कोण दाबी?

मुंबई ते कुडाळ प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मे महिन्यात जनरल डब्यातून जायचा शहाणपणा मी पुन्हा करणार नाही. रत्नागिरीपर्यंत एका पायावर, पुढे कुणाच्या तरी बोचक्यावर.

आणि हे कशासाठी? शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, खायला. आजी गेली, तिचा शेवगा, म्हणजे त्या शेवया दाबून काढायचा लाकडी साचा, डोंबिवलीच्या माळ्यावर वाळवीने खाल्ला. आईने एकदा चकलीच्या सोऱ्यातून काढायचा प्रयत्न केला, तर सोऱ्याचीच मूठ निखळली. तेव्हापासून घरात नुसतंच ‘आजीच्या हातची चव’.

गावी काकीने सकाळीच चूल पेटवली. तांदळाच्या उकडीचे मुठीएवढे गोळे उकळत्या पाण्यात सोडले. वर तरंगले की शिजले. मग तसाच चटका देणारा गोळा तीन पायांच्या लाकडी शेवग्यात. मी मोबाइल धरून व्हिडिओ काढत उभा.

“ता ठेव आणि दाब! गोळो थंड झालो तर उतरूचो नाय.”

पहिला अर्ध्यावरच अडकला. काकीने काही न बोलता तो परत पाण्यात टाकला. दुसऱ्याला मी दांड्यावर छातीचा भार दिला, टाचा उचलल्या, तेव्हा कुठे खालून पांढऱ्या तारा सुटल्या. काकी खाली केळीचं पान गोल फिरवत होती. चार गोळ्यांत माझे दंड थरथरायला लागले.

“काकी, आजी एकटी कसं करायची गं?”

“आजी? ती खाली पान धरी. दाबी तुझो आजो.”

आजोबांना मी पाहिलेलं नाही. गिरणीच्या ओळखपत्रावरचा एक फोटो, बस. सुट्टी काढून ते मे महिन्यात गावी येत आणि शिरवाळेही घरात मे महिन्यातच होत. मी समजत होतो, तो नारळांचा हंगाम असणार. नारळाला कसला आलाय हंगाम!

आणि मग आठवलं, डोंबिवलीतही दांड्यावर बाबा असायचे, बनियन पाठीला चिकटलेलं. मी मात्र कायम आजीच्या हातातल्या पानाकडे बघत बसायचो.

रस नारळाचा, गूळ-वेलचीचा, जरा जास्तच गोड. तळहाताला फोड आला होता म्हणून चमचा मागितला. काकीने दिला, पण तोंड वाकडं करून.