ट्युलिपच्या कंदाचा एमआरआय करून घेतला, त्याचा अनुभव

कंद झोपलेला असतो तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही आणि आत बघायला कापला की तो कंद गेलाच. मला एमएस्सीच्या प्रोजेक्टला तोच कंद परत परत बघायचा होता. २००० साली नेदरलँड्स आणि इस्रायलच्या संशोधकांनी ४ आणि २० अंशांत ठेवलेल्या ट्युलिपवर हे केलेलं, तेच तापमान धरलं.

वाशी-नेरूळला "माणसांचं मशीन आहे" म्हणून नकारच मिळाले. शेवटी बेलापूरच्या एका सेंटरमधल्या मॅडमनी पेशंट संपल्यावरची वेळ दिली, अट एवढीच की माती नको आणि धातू नको, म्हणून कंद कोरडे पुसून कागदी चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या.

घरी फ्रीजमधून फळं हद्दपार केली, कारण सफरचंद-केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. आईने आठवडेच्या आठवडे फळं बाहेर टोपलीत ठेवली, एकदाही कुरकुर केली नाही. नेताना थर्माकोलचा डबा हवाच, तापमान बदललं की सिग्नल बदलतो, शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत गार कंदाला लगेच घाम फुटतो आणि ते पाणीही इमेजमध्ये येतं.

मनगटाच्या कॉइलमध्ये (मनगट स्कॅन करताना त्याभोवती बसवतात तो सिग्नल पकडणारा भाग) कंद छान बसला, आजूबाजूला कोरडा फोम आणि तुलनेसाठी पाण्याची छोटी नळी. एमआरआय मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो, मोकळ्या पाण्याचा जास्त वेळ टिकतो, पेशीत बांधलेल्याचा पटकन विरतो, सिग्नल विरायला लागणाऱ्या या कालावधीला टी२ म्हणतात. स्क्रीनवर खवल्यांचे थर, खाली मुळं फुटतात ती तबकडी आणि मधोमध कोंब, टेक्निशियन दादा खुर्ची सोडून पुढे आले, "अरे, यात तर कळी आहे!" हो, ट्युलिपची कळी थंडीच्या आधीच, उन्हाळ्यात कंदातच तयार होते, थंडी लागते ती दांडा नीट लांब व्हायला, आणि ती साधारण १२ ते १६ आठवडे. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण न कापता डोळ्यांनी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

नंतर तेच कंद एसी खोलीत लावले. थंडीतल्यांचे दांडे सरळ वर आले, २० अंशातले खुरटले, आणि प्रत्येक झाड स्वतःच्या स्कॅनशी जुळवता आलं, कापून हे कधीच जमलं नसतं.

ठाण्याकडे कोणी करणार असेल तर मल्टी-इको सिक्वेन्स (सिग्नल विरताना तो लागोपाठ अनेकदा मोजणारी सेटिंग) लावायला सांगा आणि डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स, मागून घ्या, नुसत्या फिल्मवरून टी२ काढता येत नाही.