आमची वाटचाल : बसच्या टपावरचं काम

एप्रिल उजाडला की आमच्याकडे येणारा ट्रॅव्हल्सवाला बहुतेक एकच वाक्य घेऊन येतो, "शेठ, गॅस कमी झालाय, तेवढा मारून द्या." आम्ही तो तसा मारून देत नाही. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं बसच्या एसीचं आमचं वर्कशॉप बऱ्याच अंशी या नकारावर उभं आहे. सुरुवातीला याच नकारापायी गिऱ्हाइकंही गेली, तेही सांगायला हवं.

आधी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात कारच्या एसीचं काम करायचो. मी आयटीआयला रेफ्रिजरेशन केलेलं, पार्टनर माझा मेहुणा, ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात हात बसलेला. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे मिळतात, त्यामुळे रात्रीच्या बसेस समोरूनच जायच्या. कधी एखादा क्लीनर पळत यायचा, एसीचा क्लच (गॅस दाबणारा कंप्रेसर इंजिनाला जोडतो-सोडतो तो) धरत नाही म्हणून. मेहुणा उभ्या उभ्या रिले बदलून द्यायचा. असं करता करता बसेस गळ्यात पडल्या आणि कार मागे पडल्या. बसला उभं राहायला जागा लागते, म्हणून अंबडला आलो.

बसचा एसी म्हणजे मोठा केलेला कारचा एसी, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं. हिशोब मात्र वेगळा आहे. बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो. 45 प्रवासी धरले तर साडेचार किलोवॅट, म्हणजे नुसती माणसं गार ठेवायलाच घरातला सव्वा टनाचा एसी खर्ची पडतो. त्यावर तापलेलं टप, काचांतून येणारं ऊन, खालून इंजिनाची धग आणि दर थांब्याला उघडणारं दार. आपल्या उन्हाळ्यात 12 मीटरच्या बसला आठ-दहा टनांचं युनिट लागतं ते यामुळे. दुपारी नाशिकहून धुळ्याकडे निघालात तर डाव्या बाजूच्या काचा तापतात, उजवीकडच्या सीटवरचा माणूस मात्र शाल मागतो. हा दोष एसीचा नाही. डक्टच्या झडपा डावी-उजवीकडे वेगळ्या बसवल्या की बऱ्यापैकी मिटतो.

आता गॅसचं. मालेगाव, धुळे, जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. हवामान खात्याचा आकडा सावलीतला. टपावरच्या कंडेन्सरला, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, मिळणारी हवा त्याहून तापलेली. गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तरच आपली उष्णता हवेला देऊन परत द्रव होतो. म्हणून अशा दुपारी आर-134ए गॅस कंडेन्सरमध्ये 60 ते 65 अंशांवर असतो, आणि गेजवर प्रेशर 230 ते 260 पीएसआय दिसतं. इथवर ठीक. पण त्या कंडेन्सरच्या फिन (पातळ पत्र्या) धुळीने बुजलेल्या असल्या की प्रेशर आणखी चढतं, जास्त प्रेशरला बंद करणारा कटआउट स्विच कंप्रेसरचा क्लच सोडवतो, आतला पंखा (ब्लोअर) फिरत राहतो आणि प्रवाशाच्या अंगावर येते नुसती गरम हवा. ड्रायव्हरला वाटतं गॅस संपला. कुणीतरी वरून गॅस भरतं, प्रेशर अजून वाढतं, क्लच अजून लवकर सुटतो. दोन-तीन ठिकाणी असा गॅस मारून घेतलेली बस शेवटी आमच्याकडे येते तेव्हा आधी जास्तीचा गॅस मशीनमध्ये काढून घ्यावा लागतो. हवेत सोडून देत नाही. हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1400 पट तापवतो, आणि बसमध्ये तो किलो-किलोने असतो.

पिंपळगावच्या बाजूने रोज येणाऱ्या गाडीचा कंडेन्सर उघडला की धूळ आणि डिझेलच्या काजळीबरोबर कांद्याचे पापुद्रे निघतात. पंखे ओढून घेतात ते. धुवायचं ते आतून बाहेर, साध्या धारेने. वॉशिंग सेंटरचा फवारा मारला की फिन आडव्या होतात आणि कंडेन्सर कायमचा गुदमरतो. हे काम दिसायला फडतूस, म्हणून त्याचे पैसे द्यायला मालक कुरकुरतात. गॅसच्या सिलिंडरचे पैसे मात्र लगेच देतात!

आणि गॅस खरोखर कमी असेल, तर तो कुठून तरी गेलाय. इंजिनापासून टपापर्यंत जाणारे लांब पाइप हादऱ्याने घासतात, जोड सैल होतात, कंप्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीचं शाफ्ट सील झिरपतं. नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून लीक शोधायचं, मग व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढून घेणं), मग वजन करून गॅस. यात दिवस जातो. शिर्डी लाइनवरचे एक मालक यावर चिडून म्हणाले होते, "दिवसभर गाडी उभी ठेवून मी काय आरती ओवाळू?" ते परत आले नाहीत. त्यांच्याकडचा ड्रायव्हर मात्र पुढे स्वतःची बस घेऊन आमच्याकडे आला. आमची बरीचशी गिऱ्हाइकं अशी ड्रायव्हरांच्या तोंडून आलेली आहेत.

2015 च्या सिंहस्थाने आम्हाला पावसाळा शिकवला. तोवर जून ते सप्टेंबर म्हणजे माशा मारणं. त्या वर्षी बाहेरगावच्या बसेस आल्या, तक्रारी दोनच: काचा धुरकटतात आणि टप गळतं. टप गळत नव्हतं. ओली हवा गार झाली की कूलिंग कॉइलवर पाणी धरतं, ते बाहेर नेणारी नळी तुंबलेली, म्हणून डक्टमधून लोकांच्या डोक्यावर.

मग लॉकडाउन. बसेस महिनोन् महिने उभ्या. कंप्रेसर फिरला नाही की शाफ्ट सीलवरचं तेल सुकतं आणि गॅस गुपचूप निघून जातो. आम्ही ओळखीच्या मालकांना फोन करून सांगितलं होतं, आठवड्यातून पंधरा मिनिटं इंजिन लावून एसी चालवा. उत्पन्न शून्य असताना डिझेल जाळायला कोण तयार होणार! गाड्या सुरू झाल्या तेव्हा काम ढिगाने आलं, पैसे हप्त्याने.

कसारा घाटाचा वाद अजून मिटलेला नाही. एसी इंजिनाची वीसेक हॉर्सपॉवर खातो, म्हणून चढाला ड्रायव्हर तो बंद करतो आणि प्रवासी ओरडतात. रेडिएटर साफ असेल तर बंद करायची गरज सहसा पडत नाही, असं माझं मत. मेहुण्याचं उलट.

इलेक्ट्रिक बसमध्ये हा प्रश्नच नाही. एसटीची ई-शिवाई 2022 मध्ये पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, तेव्हा मेहुणा मुद्दाम बसून आला. तिथे कंप्रेसर बॅटरीवर चालतो, सीलबंद असतो, बेल्ट नाही, शाफ्ट सील नाही, आणि थांब्यावरही पूर्ण थंडावा मिळतो. खर्च पडतो तो एका चार्जमध्ये कापायच्या अंतरात. वर्कशॉपमधल्या दोन पोरांना हाय व्होल्टेजच्या ट्रेनिंगला पाठवलं आहे. ते येईपर्यंत हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरला कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे.

2027 च्या सिंहस्थासाठी आतापासूनच विचारणा सुरू झाली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी गाडी जानेवारीत आणावी. तेव्हा आम्हाला दिवस मोकळा असतो. मे महिन्यात रांग लागते आणि रांगेत ओळख चालत नाही.