तुम्ही विचारलंत म्हणून : नुसतं स्कॅनच तर करायचंय ना?

मामाने परवा व्हिडिओ कॉलवर पुन्हा विचारलं. "अगं, दीड वर्ष झालं, अजून तुमचं नियोजनच चाललंय? आमच्या सोसायटीतल्या पोराने ३५ वर्षांची इतिवृत्तं एका रविवारात मोबाइलवर उतरवली. तेही कॅमस्कॅनर बंद झाल्यावर!" मामा एकटाच नाही. शेजारीण विचारते, नवऱ्याच्या ऑफिसातले विचारतात, गेल्या गणपतीत मंडळातल्या एका काकांनी प्रसादाच्या रांगेत विचारलं. तेव्हा एकदाच सविस्तर सांगून टाकते.

मी फिलाडेल्फियात एका ग्रंथालयाच्या अभिलेख विभागात काम करते. सध्या स्कॅन करायला हातात आहे तो एका जुन्या ब्लॅक चर्चचा आणि त्याच्या भोवतालच्या वस्तीचा संग्रह, ५८ खोकी. (मराठीत 'कृष्णवर्णीय' लिहितात, पण तो शब्द मला बातम्यांतला वाटतो. इथली माणसं स्वतःला ब्लॅक म्हणवतात, मीही तेच म्हणते.) खोक्यांत महिला मंडळाचे हिशेब आहेत, पत्रं आहेत, निगेटिव्ह आहेत, अंत्यविधीच्या शेकडो पत्रिका आहेत आणि एका शिक्षिकेने जन्मभर भरलेल्या कात्रणवह्या आहेत. कात्रणवह्या ही या शहराची जुनी खोड. विल्यम डॉर्सी या इथल्याच गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ ४०० वह्या भरल्या होत्या. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत आपल्या माणसांचं जे थोडंफार येई ते कापून, चिकटवून ठेवलं नाही तर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक होतं.

तर, पहिलं खोकं उघडलं आणि आंबट वास आला. व्हिनेगरचा. जुनी ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, त्याची वाफ शेजारच्या फिल्मला लागते आणि तीही कुजू लागते. आढीत एक नासका आंबा राहिला की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. पुढे फिल्म आकसते, चित्राचा थर सुरकुततो, मग स्कॅनर कितीही महागाचा आणा. म्हणून आधी कुठल्या खोक्याला हात घालायचा हे माझ्या आवडीवर ठरत नाही. मला त्या कात्रणवह्या प्रिय आहेत, पण त्या अजून पन्नास वर्षं टिकतील. निगेटिव्ह टिकणार नाहीत.

मग वह्या. इथे मी स्वतः तोंडावर आपटले. अनुदानाच्या अर्जात मी सरळ हिशेब केला होता: वहीचं एक पान, एक चित्र. एका टेबलाजवळ बसून एक पान नीट पाहिलं तेव्हा घाम फुटला. मधोमध पदवीदान समारंभाची घडीची पत्रिका, चार पानी. तिच्यावर अर्धवट चढलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, तपकिरी, हात लावला की कडा मोडणारं. कात्रणाच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी. डावीकडे एक लिफाफा, त्यात पत्र. कोपऱ्यात निळी रिबन. पूर्ण पानाचं एक छायाचित्र, मग कात्रण उचलून एक, पत्रिकेची घडी उघडून एक, आतलं, मागचं, लिफाफा, पत्राच्या दोन्ही बाजू... एका पानाची ११ छायाचित्रं झाली. शिवाय ती कुठल्या क्रमाने होती हे फाइलच्या नावातून कळायला हवं, नाहीतर घडी उघडली कोणी आणि मिटली कोणी याचा पत्ता लागणार नाही. साधं पत्राचं पान ४०० पीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत घेतलं तर मूळ, न दाबलेली टिफ फाइल ४५ एमबीच्या आसपास जाते. तिच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. अर्ज मागे घेऊन पुन्हा लिहिला. साहेबांनी काही म्हटलं नाही, फक्त चष्मा काढून पुसला.

पण मामा, खरा वेळ खाल्ला तो नावांनी.

इथे १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव लिहायचं आणि त्याखाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव जवळजवळ कुठेच नाही. गुलामगिरीतून सुटलेली माणसं नावानिशी जनगणनेत आली ती १८७० साली. त्यामुळे आज एखादी बाई आपल्या खापरपणजीला शोधू लागली की १८७०पाशी भिंत लागते. गुलामगिरीवरून झालेलं इथलं यादवी युद्ध संपल्यावर लोकांनी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या: माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला अमुक गावी विकलं, कोणाला ठाऊक असल्यास कळवा. या शहरातून निघणाऱ्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'मध्ये त्या यायच्या आणि चर्चमध्ये वाचून दाखवायच्या. हे डोक्यात ठेवून आमच्या अंत्यविधीच्या पत्रिका उघडा. आजीचं नाव, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठल्या कौंटीतला, भावंडं किती. त्या भिंतीपर्यंत पोचवणारी वाट हीच. पत्रिका स्कॅन केली आणि खाली 'अंत्यविधी, १९३८' एवढंच लिहिलं, तर ती पुन्हा पुरली असंच मी म्हणेन.

जुन्या नोंदी पाहिल्या तर त्या अशाच होत्या. 'अज्ञात नीग्रो स्त्रिया, टोप्या घातलेल्या.' छायाचित्राच्या मागे शाईने पाच नावं लिहिलेली, पण उलटून पाहण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. ग्रंथपाल डोरोथी पोर्टर १९३०मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या ब्लॅक साहित्याच्या संग्रहावर आल्या तेव्हाची गोष्ट सांगतात. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, ३२६ म्हणजे गुलामगिरी. ब्लॅक कवीची कवितासुद्धा त्या दोन आकड्यांत कोंबलेली असे. पोर्टरबाईंनी ती सगळी मांडणी बदलली. आम्ही जुनं शीर्षक पुसत नाही, कारण तसं लिहिलं गेलं हाही इतिहासच. ते अवतरणात ठेवतो आणि वर आमचं शीर्षक देतो, नावांसकट. नावं सापडत नसतील तर चर्चच्या आज्ज्यांना कॉफीला बोलावतो. एका टोपीवरून त्या तीन पिढ्या सांगतात आणि मध्येच आपापसांत भांडतात, तेही टिपून घ्यावं लागतं.

नावाने काय होतं याचं घरचं उदाहरण देते. मी डोंबिवलीची. अकरावी-बारावीत दादरला हिंदू कॉलनीत क्लासला जायचे, रोज राजगृहावरून. त्याच दादरहून डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली इथले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या ब्लॅक संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागवल्या होत्या, भारतातले अस्पृश्यही तसं पाऊल उचलण्याच्या विचारात आहेत म्हणून. दु बॉईस यांनी ३१ जुलैला उत्तर दिलं. त्यांची बरीचशी कागदपत्रं आज मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टच्या विद्यापीठात आहेत आणि हे पत्र मी इथे पलंगावर बसून, मामा तिथे चहा पिता पिता, वाचू शकतो. नोंद करणाऱ्याने 'परदेशी पत्रव्यवहार, १९४६' लिहून पुढचं पान घेतलं असतं तर?

राहिला हक्काचा प्रश्न. पत्राचा कॉपीराइट ज्याला पत्र आलं त्याचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यासाठी वकील आहे. वकिलाच्या आवाक्याबाहेरचं पहिल्याच बैठकीत निघालं. चर्चचे एक वयस्क विश्वस्त शांतपणे म्हणाले, "तुम्ही खोकी नेणार, आणि मग आमच्याच आईचा फोटो बघायला आम्हाला तुमचा पास काढावा लागणार." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने त्यावर गेले. आता ठरलंय ते असं: मूळ कागद चर्चमध्येच राहतील, कॅमेरा आणि दिवे आम्ही तिथल्या तळघरात नेऊ, प्रत दोघांकडे राहील, आणि तीन पत्रं कुटुंबाने नको म्हटलं म्हणून उतरवायचीच नाहीत. त्या तीन पत्रांत काय आहे मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

तळघरात ओल आहे, म्हणून हवा कोरडी करणारी दोन यंत्रं लावली. एकाचं पाणी रोज ओतावं लागतं. ते काम कोणाचं, यावर अजून एकमत नाही.

निगेटिव्हच्या खोक्यांत आम्ल मोजायच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. निळ्या राहिल्या तर उत्तम, हिरव्या झाल्या तर घाई, पिवळ्या झाल्या तर फार उशीर. मंगळवारी काढायच्या आहेत. किती पिवळ्या निघतात त्यावर पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक. मामाला बुधवारी फोन करते म्हटलंय.